शनिवारची आग

आमच्या वाडीत शनिवारी काडी ओढायची नाही, हे नेरे गावातल्या भाजीवालीपासून पंप दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं. का ओढायची नाही ते मात्र फारसं कुणी विचारत नसे. ‘ते शनवारवाले हायत’ एवढ्यावर भागायचं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. पनवेलात आमची घरं होती त्यातली बहुतेक आता बंद आहेत किंवा दुसऱ्यांची झाली आहेत. माझा भाऊही तिकडे इस्राएलला गेला आणि तिकडचाच झाला. मागे राहिलो आई आणि मी. मी लग्न केलं नाही आणि आईचा पाय वाडीतून निघत नव्हता.

वाडी नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. हापूसची कलमं, थोडे काजू, एक विहीर, विहिरीशेजारी पंपाची खोली आणि दोन खोल्यांचं कौलारू घर. बाबांनी नोकरीत असताना हौसेने लावलेली झाडं, त्यांच्या माघारी आईने पोटच्या पोरांसारखी वाढवली. पोटची पोरं हे बघत होती आणि थोडी जळत होती. मी दर शुक्रवारी दुपारी ऑफिसातून लवकर निघून तिला गाडीने वाडीत न्यायची. सूर्य बुडायच्या आत ती स्वयंपाक उरकायची, शब्बाथचे, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवसाचे, दिवे लावायची आणि काडेपेटी फडताळात वरच्या फळीवर ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाशात तारे दिसेपर्यंत ती पेटी खाली यायची नाही. शनिवारचा थर्मासमधला चहा मला कधीही आवडला नाही आणि ते मी दर शनिवारी बोलून दाखवायची. आई म्हणायची, नको पिऊस.

वाडीच्या वरच्या अंगाला कुंपण, कुंपणापलीकडे कमरेइतकं गवत, आणि गवताच्या वर सरकारी जंगल सुरू. साग, ऐन, कुडा, मध्ये मध्ये पळस. जंगलाच्या हद्दीवर फॉरेस्टचा गार्ड दर थंडीत माणसं घेऊन यायचा आणि गवताचा एक लांब पट्टा जाळून काढायचा. त्याला ते लोक जाळरेषा म्हणतात. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी त्याच्याशी चांगलीच भांडले होते. जंगल राखायला ठेवलेला माणूसच जंगलाला काडी लावतो म्हणजे काय? त्याने शांतपणे ऐकून घेतलं, बहुधा दरवर्षी कुणी ना कुणी त्याच्याशी भांडत असणार. मग म्हणाला, मॅडम, थंडीत गवतात ओल असते, आग गुडघ्याच्या वर येत नाही, हाताने मारली तरी मरते. तेच गवत दोन-तीन वर्षं साठू दिलं आणि चैत्रात पेटलं तर आग झाडाच्या शेंड्याला जाते, मुळं भाजते, जमिनीतलं बी मारते. आपण थोडं जाळायचं म्हणजे सगळं जळत नाही.

हे खरं होतं. काळ्या पट्ट्यावर पाऊस पडला की सगळ्यात आधी तिथेच हिरवं यायचं, आणि सकाळी धुक्यात भेकरं चरायला उतरायची. आमच्या कुंपणालगतचा पट्टा मात्र आमचा आम्हाला जाळावा लागे. ते काम खालच्या शेतातली मावशी करायची. आगरी बाई, आईच्याच वयाची, अंगाने दांडगी, आणि कुणाचंही बोलणं मध्येच तोडायची तिला सवय. तिचा नवरा हिरव्या डहाळ्या घेऊन मागे उभा असायचा आणि जळत जाणाऱ्या आगीच्या कडा झोडपायचा. तो दिवसभरात दोन-चार शब्द बोलत असेल. बाकीचे शब्द मावशीने वापरून टाकलेले असायचे.

पेटवण्याआधी मावशी रिकामा तेलाचा डबा घेऊन पट्ट्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बडवत जायची आणि हाक घालायची, “उठा, आग येतेय, वाट धरा.” मग गवत हलायचं. ससा निघायचा, मुंगूस निघायचं, एकदा तर एवढी मोठी धामण माझ्या पायाशेजारून संथपणे निघून गेली. ते मला समजायचं. पण त्यानंतर मावशी डबा खाली ठेवून नुसती उभी राहायची. डोंगराकडे तोंड करून, मान किंचित वाकडी, कान देऊन. तिचा नवराही तसाच. त्या वेळी पाखरंसुद्धा ओरडत नसत. माझ्या अंगावर काटा यायचा आणि का येतो ते कळायचं नाही.

एकदा मी तिला विचारलं, मावशी, कसली वाट बघतेस? ती म्हणाली, “जबाबाची. जबाब आला तर त्या दिसाला पेटवायचं नाय.” कुणाचा जबाब, असं विचारल्यावर ती डबा उचलून पट्ट्याच्या टोकाकडे निघून गेली. आईला सांगितलं तर ती म्हणाली, तिचं तिच्याजवळ, आपलं आपल्याजवळ. दोघींचं इतकी वर्षं पटलं ते याच हिशेबाने. मावशी आईच्या शनिवारात ढवळाढवळ करत नव्हती आणि आई मावशीच्या जबाबात.

पट्टा आम्ही नेहमी रविवारी सकाळी जाळायचो. शनिवारी बंदी, आणि इतर दिवशी मी पनवेलात. त्या वर्षी रविवार काही जमेना. एका रविवारी वारा सुटला. एका रविवारी मावशीच्या घरात हळद. एकदा सकाळभर इतकं धुकं की गवत ओल्या फडक्यासारखं झालं, पेटेचना. मधल्या शनिवारी मात्र हवा अशी पडलेली की अगरबत्तीचा धूर सरळ वर जावा. मावशी कुंपणाशी आली आणि म्हणाली, तुमी घरात बसा, आमी जाळतो, तुमाला कुटं काडी ओढायचीय? मला ते एकदम पटलं. आईला नाही पटलं. माझ्या जमिनीत, माझ्यासाठी, माझ्या होकाराने पेटवलेली आग म्हणजे मीच पेटवलेली, असं ती म्हणाली. मावशी म्हणाली, मग वाडीच जळली म्हंजे? आई म्हणाली, “माल वाचवायला शब्बाथ मोडता येत नाही. जीव वाचवायला येतो, नव्हे, मोडावाच लागतो. झाडं माल आहेत.” मावशी डोक्यावरचा पदर सारखा करून निघून गेली. मी आईशी दिवसभर बोलले नाही. ती एकटीच झाडांखालून फिरत राहिली, प्रत्येक बुंध्याला हात लावत, आणि मला दिसलं की तिला भीती वाटते आहे.

होळी होऊन गेली. गवत पिवळं पडलं, मग पांढरं. चालताना मोडायचं तेव्हा पापड मोडल्यासारखा आवाज यायचा.

तो शनिवारच होता. दुपारी जेवून मी पडले होते. जाग आली ती वासाने. बाहेर आले तर उजेड बदललेला, सगळ्या अंगणावर तांबूस पिवळा रंग, आणि सूर्याकडे सरळ बघता येत होतं. वरच्या गवतात, शेजारच्या फार्महाऊसच्या बाजूने, धूर उभा राहिला होता. कुणी पेटवलं, कशाने पेटलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. गार्डची जाळरेषा आगीच्या वर होती, त्यामुळे डोंगराकडे तिला जाता येईना. जंगल वाचलं. पण आग रेषेच्या खाली होती आणि तिला दुसरी वाटच उरली नव्हती. ती आमच्याकडे येत होती. धुरावर घारी फिरत होत्या, कोतवाल पक्षी आगीच्या अगदी तोंडाशी सूर मारून टोळ टिपत होते. त्यांना चंगळ होती.

मावशी आणि तिचा नवरा धावत आले. मी गार्डला फोन लावला, तो पलीकडच्या डोंगरावर होता, यायला वेळ लागणार होता. मावशी म्हणाली, झोडपून ही आग मरायची नाय, आता एकच. कुंपणापासून आपण आग लावायची, ती वर जाईल, तिला जाऊन भिडेल, मधलं गवत संपलं की दोन्ही मरतील. मोठी आग जवळ आली की वारा स्वतःकडे ओढते, तो ओढला की लगेच पेटवायचं. तिने कमरेची काडेपेटी काढली आणि आईकडे पाहिलं. इतकं होऊनही तिने आईकडे पाहिलं, हे मी विसरलेले नाही.

आई म्हणाली, “नको.” तिचा आवाज फुटला होता. ती रडत होती आणि नको म्हणत होती. आपण सगळे इथून निघून जाऊ शकतो, खाली रस्त्यावर जाऊ, कुणाच्या जिवाला धोका नाही, जळू दे. मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते लिहिण्यासारखं नाही. मग वारा थांबला आणि उलटा फिरला. आमच्या पाठीकडून येऊन केसांतून पुढे जायला लागला, डोंगराकडे, आगीकडे. झाडांखालची सुकी पानं सरपटत कुंपणाकडे निघाली. मावशीने कुणाला न विचारता डबा उचलला, दोनदा बडवला आणि हाक घातली. सवयीने घातली असेल. मग ती ऐकत उभी राहिली.

आणि कुणीतरी खोकलं.

गवतातून नाही. आमच्या मागून, वाडीच्या आतून, विहिरीच्या बाजूने. धुरात अडकलेला माणूस खोकतो तसा ओला, लांब खोकला. आम्ही चौघंही वळलो, म्हणजे चौघांनाही तो ऐकू आला होता. मावशीच्या नवऱ्याने हातातली डहाळी खाली टाकली. मावशीने काडेपेटी जमिनीवर ठेवली, हळूच, तापलेली असावी तशी, आणि म्हणाली, “जबाब आला. आता नाय पेटवायचं. चला इथनं.”

मी धावत आत गेले. धूर कलमांच्या खाली येऊन बसला होता. कोण आहे, बाहेर या, असं मी ओरडत होते. खोकला पंपाच्या खोलीजवळून आला, मी तिकडे गेले, तर तो काजूंच्या बाजूने आला. पंपाच्या खोलीची कडी बाहेरून लावलेली होती. मी ती काढून आत पाहिलं, मोटर आणि रिकामी पोती. तेवढ्यात तो माझ्या कानाशी खोकला. इतका जवळ की मानेला ऊब लागली. मी वळले. तिथे कुणीच नव्हतं. मी कडी तशीच टाकून पळत कुंपणापाशी आले. आईने विचारलं, सापडला? मी नाही म्हणून मान हलवली.

आईने खाली वाकून मावशीची काडेपेटी उचलली. मावशी म्हणाली, बाय, नको, त्याने जबाब दिलाय. आई म्हणाली, “म्हणूनच. आत माणूस आहे.” तिने काडी ओढली. आयुष्यात पहिल्यांदा शनिवारी. पहिली मोडली, दुसरी पेटली. ती तिने गवताला लावली.

आमची आग आधी नुसती कुरकुरली, मग त्या ओढीच्या वाऱ्यात सापडली आणि उठून वर धावत सुटली. मावशीचा नवरा, बायकोकडे न बघता, पुन्हा डहाळी उचलून आमच्या बाजूची कड झोडपायला लागला. मीही झोडपत होते. दोन आगी भिडल्या तेव्हा मध्ये एक उंच भिंत झाली, एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज आला आणि ती भिंत खाली बसली. त्यानंतरची शांतता मला अजून नकोशी वाटते. वरून राख पडत होती. एकही झाड गेलं नव्हतं.

धूर निवल्यावर मी आणि मावशीचा नवरा सगळी वाडी फिरलो. झाडांमागे पाहिलं, विहिरीत पाहिलं, मोरीत पाहिलं. माणूस नव्हता, माणसाच्या पावलांचा माग नव्हता. मावशी कुंपणाच्या आत आलीच नाही. आई पायरीवर बसून होती, काडेपेटी मुठीत धरून. तारे दिसले तरी तिने घरातला दिवा लावला नाही, मीच लावला.

गार्ड दुसऱ्या दिवशी आला. काळ्या जमिनीवर बुटाने उकरून बघितलं आणि म्हणाला, वेळेवर पेटवलंत, कुणी पेटवलं? आई आत निघून गेली. तो मला म्हणाला की पावसात इथे सुंदर हिरवं येईल. आलंही. पुढच्या थंडीत पट्टा जाळायला त्याचीच माणसं आली, कारण मावशी आली नाही. ती अजून आईची चौकशी करते, वाल, तोंडली पाठवते, पण कुंपणाबाहेर उभी राहून. जबाब आल्यावर पेटवलेल्या जागेत तिला पाय ठेवायचा नाही. तिचं तिच्याजवळ.

आईचं मात्र हळूहळू बिघडत गेलं. तब्येतीचं नाही, मनाचं. आधी ती म्हणायची, माणूस होता, निघून गेला असेल मागच्या बाजूने. मग म्हणायला लागली, मागच्या बाजूला काटेरी कुंपण आहे, कसा जाईल? मी म्हटलं, बाबांचा भास झाला असेल तुला. ती चिडली. “तुझ्या बाबांचा खोकला मी ओळखला नसता का? आणि भास चौघांना होतो?” भावाने तिकडून व्हिडिओ कॉलवर सांगितलं की आई, ते आपले नबी असतील, देवाने पाठवलेले, संकटात येतात, आपले लोक नाही का सांगत. त्यावर आई म्हणाली, नबी कशाला खोकतील? तो हसला. ती हसली नाही.

तिचा हिशेब सरळ होता आणि त्यातून तिला सुटता येत नव्हतं. आत जिवंत माणूस असेल तर तिने जीव वाचवला. नसेल तर तिने आंबे वाचवण्यासाठी शब्बाथ मोडला, आणि ज्या कशाने तिला त्याला भाग पाडलं ते काय होतं, याचा विचारही तिला करवत नव्हता. शुक्रवारी दिवे लावताना तिचा हात थबकायचा. काडी ओढायची, विझवायची, पुन्हा ओढायची. त्या वर्षीचे आंबे तिने एकही खाल्ले नाहीत. मी कापून पुढे ठेवले तर बशी सरकवायची. मला तिची इतकी दया यायची आणि तितकाच रागही, की वाडी विकून टाकू असं मी दोनदा बोलून गेले. पंपाच्या खोलीपाशी मला काय झालं ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. ते सांगणं म्हणजे तिचा निकाल लावून टाकणं होतं.

गेल्या हिवाळ्यात ती अंथरुणाला खिळली. डॉक्टरांनी पनवेलातच ठेवा म्हणून बजावलं, तिने ऐकलं नाही, म्हणाली, मला वाडीतच ने. एका शुक्रवारी संध्याकाळी तिला उठवून बसवलं, तिने दिवे लावले, या वेळी एकाच काडीने, आणि ती पुन्हा उशीला टेकली. बाहेर अजून उजेड होता. पंपाच्या खोलीचं दार खिडकीतून दिसत होतं. तिने माझा हात धरला आणि विचारलं, “तू आत गेली होतीस. तुला दिसला होता ना तो?”

मी लगेच उत्तर दिलं. थांबले असते तर तिला कळलं असतं. म्हटलं, “दिसला होता.”

“मग मान का हलवलीस?”

“तू पेटवू नयेस म्हणून. मी घाबरले होते. पण दिसला होता. म्हातारा होता. चालता येत होतं त्याला. आग मेल्यावर फाटकातून खाली गेला.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, एवढं पुरेसं नाही, खरं वाटायला काहीतरी बारीक हवं. सुचलं ते बोलून टाकलं. “एका पायात चप्पल नव्हती.”

आईने डोळे मिटले. तिचा चेहरा इतका मोकळा झालेला मी कित्येक महिन्यांत पाहिला नव्हता.

“डाव्या,” ती म्हणाली.